डाव कुणासाठी मांडायचा?

साशंक: भावजी, हे खेळ हवेतच कशाला, इथून मला सुरुवात करायची आहे. दिवाळी इथे कामाच्या दिवशी येते. मंडळाचा गणेशोत्सव शनिवार-रविवार बघून करावा लागतो. सगळ्यांना एकत्र सुटी मिळते ती नाताळातच. पंचवीस डिसेंबरला मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या श्रूजबरीत रूट नाइनवरची दुकानं बंद असतात, साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि चार-सहा मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण जमलेली माणसं बोलतात कुठे? पॉटलकची ताटं उचलली जात नाहीत तोच कुणीतरी टाळी वाजवून ‘चला, हाउजी!’ म्हणतं. हाउजी झाली की यांकी स्वॅप, ते झालं की फोनवर कहूटची क्विझ. भारतातून आलेले आजी-आजोबा पिशवीतून खाऊ काढावा तशा गोष्टी घेऊन आलेले असतात, त्या तशाच परत जातात. वर्षातून एकदा निवांत भेट होते, तिचे असे तुकडे का पाडायचे? आणि दुसरं म्हणजे, सण उसना, खेळही उसने. यात आपलं काय?

हौशी: वहिनी, आधी उसनेपणाचं बघू, कारण तो आक्षेप आपण घ्यावा अशी ही जागाच नाही. आपण ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, तिथे नाताळ साजरा करणं एके काळी गुन्हा होता. प्युरिटन लोकांच्या वसाहतीनं 1659 मध्ये हुकूम काढला: नाताळच्या दिवशी काम बंद ठेवलं, मेजवानी केली, तर पाच शिलिंग दंड. त्याच हुकमात पत्ते आणि फासे खेळणाऱ्यांनाही तेवढाच दंड होता. सण आणि खेळ, दोघांना एकाच दाव्यानं बांधून गावाबाहेर हाकललं होतं. बंदी 1681 मध्ये उठली, पण अढी गेली नाही. श्रूजबरी गाव म्हणून 1727 मध्ये नोंदलं गेलं, तेव्हाही इथल्या बहुतेक घरांत पंचवीस डिसेंबर हा लाकडं फोडायचा दिवस होता. या राज्यात नाताळची सुटी कायद्यानं मिळाली ती 1856 मध्ये. म्हणजे इथल्या जुन्या घराण्यांनीही हा सण नंतरच, दुसऱ्यांचं बघून, आपलासा केला. आपण त्या रांगेत थोडे मागे उभे आहोत, एवढंच.

आणि आपल्यातही नाताळ उसना आहे असं सरसकट कसं म्हणता येईल? बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत पोचले. त्यांच्या मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, निघालं. तिथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या तळल्या जातात, लाडू वळले जातात. वसईत तेच, गोव्यात नेवऱ्यो. मराठी माणसाचा नाताळ श्रूजबरीत सुरू झालेला नाही.

साशंक: सण उसना म्हटलं ते मी मागे घेते. वसई-नगरच्या घरांचा विचार न करता बोलले. पण त्या घरांचं उदाहरण माझ्या बाजूनं जास्त बोलतं. वसईत नाताळच्या रात्री मिस्सा असते, गावभर गोठे सजवतात, मग घराघरांतून फराळ फिरतो. तिथे कुणी पत्त्यांचा डाव टाकला तर त्याला त्या सगळ्याचा आधार असतो. आपल्याकडे भक्तीही नाही आणि गावही नाही. उरलं काय, तर सुटी आणि खेळ. जे सणाच्या काठावर असायचं, तेच आपण मध्यभागी आणून बसवलं.

शिवाय तुम्ही इतिहास काढलात तर पुढचाही काढा. हा सण घरोघर रुजला तेव्हा इथे खेळ पेटीत घालून विकायचा धंदा उभा राहिला, आणि तो याच राज्यात. 1843 मध्ये सेलमच्या आइव्ज बंधूंनी ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ नावाचा पट काढला. मूळ इंग्लंडचा. चांगल्या गुणाच्या घरात पडलात तर पुढे, दुर्गुणाच्या घरात पडलात तर मागे. फासे जुगाऱ्यांचे मानले जात, म्हणून अशा पटांबरोबर बोटानं फिरवायची भिंगरी देत. 1860 मध्ये स्प्रिंगफील्डच्या मिल्टन ब्रॅडलीनं ‘चेकर्ड गेम ऑफ लाइफ’ आणला. शंभर वर्षांनी त्याच कंपनीनं तो नव्यानं काढला, तेव्हा सद्गुणांची जागा पगार, विमा आणि नोटांनी घेतली होती. लिझी मॅगी या बाईंनी जमीनदारी कशी सगळ्यांना भिकेला लावते हे दाखवायला ‘लँडलॉर्ड्स गेम’ तयार केला, त्याचं पेटंट 1904 चं. त्यातूनच पुढे मोनॉपली झाला, 1935 मध्ये सेलमच्या पार्कर ब्रदर्सनी तो बाजारात आणला, आणि आज आपली मुलं त्यात दुसऱ्याला दिवाळखोर करून टाळ्या पिटतात. आपल्या सापशिडीत पाप-पुण्याचा हिशेब होता. तीही 1943 मध्ये मिल्टन ब्रॅडलीनं सापांच्या जागी घसरगुंड्या घालून विकली. खेळ निरागस असतो असं मला वाटत नाही. कोण जिंकतं आणि कशामुळे, हे तो मुलांना हळूच शिकवत असतो.

हौशी: शिकवतो हे कबूल. पण नेमकं काय शिकवतो ते पेटीवरच्या नावावरून कळत नाही, बैठकीतच कळतं. तुम्हाला सगळ्यात जास्त राग यांकी स्वॅपचा आहे ना? तोच घेऊ.

साशंक: घ्याच. प्रत्येकानं गुंडाळलेली भेट आणायची. चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे. पहिला एक भेट उघडतो. दुसरा आपली उघडतो आणि वाटलं तर पहिल्याची घेऊन आपली त्याच्या माथी मारतो. असं शेवटच्या नंबरापर्यंत. सगळं झालं की पहिल्याला पुन्हा संधी, तो कुणाचीही उचलू शकतो. गेल्या खेपेला एका लहान मुलीला रंगांची पेटी मिळाली. तिनं झाकण उघडलं, ब्रश हातात घेऊन बघितले, कुठला रंग आधी वापरायचा हेही ठरवलं असेल. तेवढ्यात एका काकांनी ती पेटी उचलली आणि तिच्या हातात कारच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा खरडा दिला. सगळे हसले. तीही हसली, कारण नियमच तो होता. आपल्याकडे हळदीकुंकवाला वाण देतात ते त्या बाईच्या हातात द्यायचं असतं, तिच्याकडून परत घ्यायचं नसतं. दिलेलं हिसकावणं हा खेळ कसा होतो, ते मला अजून उमगलेलं नाही.

हौशी: काकांनी ते करायला नको होतं, आणि नियम बदलून ते थांबवता येतं. लहानांच्या भेटींचा ढीग वेगळा ठेवायचा, किंवा एक वस्तू दोनदा हात बदलली की पक्की, असं ठरवायचं. पुष्कळ घरांत तसं करतात. पण हिसकावण्यात मला काय दिसतं ते ऐका. एरवी आपल्या बैठकीत कोण कुणाला नाही म्हणू शकतं? वय, पगार, किती वर्षं अमेरिकेत झाली, ग्रीन कार्ड आलं की नाही, याची उतरंड प्रत्येकाच्या डोक्यात असते. खेळात नुकतीच आलेली नवी सून हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या डॉक्टरांच्या हातची कॉफीची किटली सरळ उचलते, आणि त्यांना हसून द्यावी लागते. झब्बूत ज्याच्या हातात शेवटी पानं उरली तो गाढव, मग ते साक्षात आजोबा का असेनात. मंगळागौरीत सासू-सुनेचं भांडण, सवती-सवतींची झटापट खेळून दाखवतात. जे वर्षभर गिळायचं ते त्या रात्री मोकळं बोलता येतं. डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये, तेही 1843 चंच, स्क्रूजच्या भाच्याच्या घरी आंधळी कोशिंबीर होते आणि मग हो-नाहीच्या उत्तरांवरून ओळखायचा खेळ होतो. भाच्यानं मनात धरलेला तो तिरसट प्राणी कोण, तर त्याचा श्रीमंत, कंजूष मामा. सणाच्या खेळाचं कामच ते आहे. उतरंड मोडत नाही, पण तासभर तिच्यावर बसून हसता येतं.

साशंक: तासभर कुणाला हसता येतं? तुम्ही जी नवी सून सांगता, तिला खेळ कळतो, भाषा कळते, विनोद कळतो. माझा खरा आक्षेप आता सांगते. प्रत्येक खेळ ही एक चाळणी असते. गाण्याच्या भेंड्या घ्या. पन्नाशीच्या पुढचे रंगात येतात, ‘म’ आला की चार जण एकदम सुरू होतात, आणि इथे जन्मलेली चौदा-पंधरा वर्षांची पोरं हळूहळू सरकत बेसमेंटमध्ये जातात. त्यांना गाणी येत नाहीत असंही नाही. त्यांची गाणी आपण मोजत नाही. कहूटवर अमेरिकन ख्रिसमस सिनेमांची क्विझ लावा, लगेच पोरं सोफ्याच्या कडेवर येऊन बसतात आणि आजोबा चष्मा पुसत राहतात. शेजारचं अमेरिकन कुटुंब आलं असेल तर मेंढीकोटचा हुकूम समजावण्यातच अर्धा तास जातो. खेळ मांडणं म्हणजे या खोलीत कुणाची आठवण खरी धरायची ते ठरवणं. ज्याची धरली नाही त्याला तुम्ही सणाच्या दिवशी, हसत हसत, बाहेर काढता. गप्पांत निदान माणूस गप्प बसला तरी तो ऐकत असतो. खेळात तो शून्य गुणांवर असतो, आणि तो आकडा सगळ्यांना दिसतो.

हौशी: हा आक्षेप वजनाचा आहे. पण त्यानं सगळे खेळ बाद होत नाहीत, काही विशिष्ट खेळ होतात. भेंड्या आणि क्विझ आठवणीवर चालतात. हाउजी नशिबावर चालते, तिथे नव्वदीच्या आजी आणि सहा वर्षांचा नातू एकाच पायरीवर असतात. ‘जल्दी पाच’ला आजी ओरडल्या की त्यांना कुणी इंग्रजी विचारत नाही. आणि तिसरा प्रकार माझ्या आवडीचा, जिगसॉ. फॅमिली रूमच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर हजार तुकडे उलटेसुलटे पसरलेले. आधी कुणीतरी कडेचे सरळ तुकडे वेगळे काढतं. मग आभाळ एकीकडे, विटांच्या भिंती एकीकडे, झाडं एकीकडे. येणारा-जाणारा चहाचा कप हातात धरून दोन मिनिटं वाकतो, एखादा तुकडा बोटांत फिरवून बघतो, खटकन बसला की पुढे जातो. पाळी नाही, गुण नाहीत, भाषेची अट नाही, उठून गेलात तर कुणी हरत नाही. ज्यांना घोळक्यात बोलता येत नाही अशी माणसं मी त्या टेबलापाशी तासन्‌तास उभी पाहिली आहेत. सेलमच्या पार्कर ब्रदर्सनी 1909 मध्ये आपले बाकीचे खेळ थांबवून सगळा कारखाना लाकडी जिगसॉंना दिला होता, त्यांचे तुकडे बायका हातानं करवतीवर कापायच्या. 1932-33 च्या मंदीत, खिशात पैसे नसताना, इथे घरोघर पुठ्ठ्याच्या जिगसॉंचं वेड लागलं होतं. काम नसलेल्या माणसालाही काहीतरी पुरं केल्याचं समाधान त्यातून मिळत असेल.

न्यू इंग्लंडच्या हिवाळ्याला खेळ लागतातच, वहिनी. बास्केटबॉल डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डला जन्मला, तो बर्फामुळे घरात अडकलेल्या मुलांना आतल्या आत पळवायला. शेजारच्या वूस्टरमध्ये 1880 साली कँडलपिन बोलिंग निघालं. चेंडू मुठीत मावेल एवढा, पिना सडपातळ, आणि पडलेल्या पिना उचलत नाहीत, त्या तिथेच आडव्या राहतात. पैकीच्या पैकी, म्हणजे तीनशे गुण, आजवर कुणालाही मिळालेले नाहीत. नवखा आणि मुरलेला दोघंही त्यात चुकतात. मला तो खेळ म्हणूनच आवडतो, चुकायची लाज वाटत नाही.

साशंक: तुम्ही फार छान मांडलंत, आणि तिथेच सापडलात. हाउजीत काहीच यावं लागत नाही, म्हणून ती सगळ्यांना चालते. पण म्हणूनच ती झाली की मागे काय उरतं? आकडे पुकारणारा ‘टू फॅट लेडीज, अठ्ठ्याऐंशी’ म्हणतो, सगळे आपापल्या तिकिटात मान घालून बसतात. खोलीत तीस माणसं आहेत आणि कुणी कुणाकडे बघत नाही. जिगसॉ निदान शांत आहे, पण दोन दिवसांनी तुकडे परत पेटीत जातात आणि कुणाच्या बाजूला कोण उभं होतं ते कुणाला आठवत नाही. ज्या खेळाला काही लागत नाही, तो काही देतही नाही.

आता याच्या उलट आपली भोंडल्याची खिरापत आठवा. गाणी म्हणून फेर धरून झाला की डबा झाकलेला, आत काय ते ओळखायचं. गोड की तिखट? तळलेलं की वाफवलेलं? ओळखायला डोकं चालवावं लागायचं, पण त्याहून जास्त त्या घराची माहिती लागायची. यांच्या कोकणातून आत्याबाई आल्यात, म्हणजे नारळाचं काहीतरी असणार. यांच्याकडे परवा सत्यनारायण झाला, म्हणजे शिऱ्याचा अंदाज चुकीचा, पुन्हा तेच कशाला करतील. ते कोडं शेजारावर बेतलेलं होतं, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात राहिलं. असं कोडं श्रूजबरीत कुठून आणणार? आणि सावंतवाडीच्या गंजिफेचं काय झालं तेही बघा. दशावतारी गंजिफेची एकशेवीस गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, हातानं रंगवलेली. आपल्यातल्या एका घरी ती काचेच्या चौकटीत भिंतीवर आहे. किती सुंदर! पण खेळता एकालाही येत नाही. खेळ जाणणारं मंडळ संपलं की खेळाची शोभेची वस्तू होते. म्हणून मी म्हणते, समान आठवण लागणारे खेळ इथे माणसं वगळतात, आणि न लागणारे खेळ पोकळ असतात. मधली वाट मला दिसत नाही.

हौशी: मला दिसते, पण तिला थोडं घडवावं लागतं. समान आठवण ही जन्मानंच मिळते असं तुम्ही धरून चाललात. भोंडल्यातल्या बायकांची तरी ती कुठून आली? वर्षानुवर्षं एकमेकींच्या अंगणात जाऊन आली. मग आपण इथे सुरुवात करूया. खिरापतच घ्या, पण नाताळची. येणाऱ्या प्रत्येक घरानं, शेजारच्या अमेरिकन घरानंही, एक डबा झाकून आणायचा. झाकण न उघडता तीन खुणा द्यायच्या. पहिली, हा पदार्थ आमच्या घरात कुणामुळे आला. दुसरी, करताना कुठला आवाज येतो. तिसरी, झाकणाची कड जराशी उचलून वास. प्रश्न मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा. ओळखणाऱ्या जोड्या करायच्या, एक थोरला आणि एक धाकटा, दोन वेगळ्या घरांतले. शेजारच्या बाई सांगतील, माझ्या आईच्या आईमुळे, ती केप कॉडची, तिच्या गावात याचे मळे होते. मुलाला लगेच क्रॅनबेरी सुचेल, आणि आजी वासावरून सांगतील की यात दालचिनी पडलीय. उलट खेपेला आजी सांगतील, हे तळताना आधी आवाज होतो आणि मग एकदम थांबतो, आणि पोराला कळेल की अनारसा नव्हे, करंजी. दोघांना एकमेकांशिवाय उत्तर मिळत नाही. भेंड्यांतही शब्दांऐवजी फक्त चाल गुणगुणायची असं केलं, आणि मुलांची गाणी मोजली, तर बेसमेंटमधून पोरं वर येतात. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ वृत्तपत्रात आर्थर विनचं पहिलं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 ला आलं. नाताळच्या पुरवणीत काहीतरी नवं द्यायचं म्हणून केलेली ती चौकट जगभर पसरली. सणानिमित्त घडवलेली गोष्टही रुजू शकते.

साशंक: खिरापतीची कल्पना मला आवडली, हे मोकळेपणानं सांगते. तरी दोन ठिकाणी ती मला बोचते. एक, जोडीत आजी दालचिनी सांगतात आणि नातू उत्तर देतो. टाळी कुणाला? बोलतो त्याला. आजींना तुम्ही खेळात घेतलंत, पण नातवाची खूण म्हणून घेतलंत. समान करायला निघालेला खेळ कधी कधी माणसाला नुसता उपयोगी करून सोडतो.

दुसरं जास्त रोखठोक आहे. हे सगळं घडवणार कोण? खुणा लिहायच्या, जोड्या पाडायच्या, कुणाचं कुणाशी पटत नाही ते लक्षात ठेवायचं, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ते विचारायचं, बक्षिसं आणायची, रुसलेल्या पोराला समजवायचं. भावजी, तुम्ही खेळाचे शौकीन आहात, नियम तुम्ही समजावता, आकडेही तुम्हीच पुकारता. पण आदल्या रात्री हाउजीची तिकिटं कापत कोण बसतं? आणि खेळ चालू असताना ओव्हनमधलं कोण बघतं? मी इतके नाताळ घरी केले, पण माझ्याच घरात पुरा डाव मी क्वचितच खेळले असेन. तुम्ही ज्या उतरंडीवर बसून हसता येतं म्हणालात, तिची सगळ्यात खालची पायरी खेळाच्या वेळी स्वयंपाकघरात असते, आणि ती हसण्यातही नसते.

हौशी: याला माझ्याकडे उत्तर नाही, उपाय सांगू शकतो, पण उपाय म्हणजे उत्तर नव्हे. खेळ त्या घरानं मांडायचे नाहीत, पाहुण्यांनी मांडायचे, असा नेम करता येईल. ओव्हनचं काम संपल्याशिवाय डाव सुरू करायचा नाही, हाही करता येईल. आणि टाळीचं म्हणाल तर उत्तर थोरल्यानंच द्यायचं असं ठरवता येईल. पण मी नियमामागून नियम जोडत चाललोय, हे मलाही दिसतंय, आणि प्रत्येक नियम सांभाळायला पुन्हा एक माणूस लागतो.

तरीही गप्पांकडे परत जायला मी तयार नाही. गप्पांत कुणी वगळलं जात नाही असं तुम्ही म्हणालात. खरंच? खेळ नसतो तेव्हा आपली घरं कशी बसतात ते आठवा. पुरुष दिवाणखान्यात, व्हिसा, गहाणखताचा व्याजदर, शाळांची क्रमवारी. बायका स्वयंपाकघराच्या ओट्याभोवती. पोरं बेसमेंटमध्ये पडद्यासमोर. आजी-आजोबा सोफ्यावर, त्यांना दर अर्ध्या तासानं कुणीतरी येऊन ‘चहा हवाय का?’ विचारतं आणि निघून जातं. हीही चाळणीच आहे. फक्त तिचे नियम कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही, म्हणून ती दिसत नाही. खेळाची चाळणी दिसते, म्हणून तिच्याशी भांडता तरी येतं. तीन मजल्यांवरची माणसं एका खोलीत आणणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. पिशवीतल्या ज्या गोष्टी परत जातात म्हणालात, त्या सांगायला आजोबांना कुणी विचारावं लागतं. ‘हा पदार्थ तुमच्या घरात कुणामुळे आला?’ हा खेळातला प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर म्हणजे गोष्टच ना?

साशंक: मग खेळ गोष्टीपर्यंत पोचायची पायरी झाला, आणि गोष्ट सुरू झाली की तो सोडून द्यायला हवा. इतपत मी तुमच्याबरोबर येते. गप्पांनाही नियम असतात हे तुमचं म्हणणं मला टाळता येत नाही. ओट्याभोवती उभी राहणारी मीच, मला ते माहीत असायला हवं होतं. आता माझा प्रश्न ‘खेळ हवेत की नकोत’ असा राहिला नाही. पुढच्या नाताळात कुठलाही डाव मांडायच्या आधी मी दोन गोष्टी विचारीन. या खोलीतल्या कुणाचं न येणं हा खेळ पोटात घालतो? आणि तो चालावा म्हणून कुणाला त्याच्या बाहेर राहावं लागतं?

हौशी: तिसरी माझी घाला. पुढच्या वर्षी तो कुणाला आठवेल का? आपली मुलं अठराव्या वर्षी कॉलेजला जातील, कुठल्या कुठे राहतील. श्रूजबरीतल्या या घरांची म्हणून त्यांच्याकडे एखादी आठवण असावी, असं मला फार वाटतं, आणि ती भाषणांनी तयार होणार नाही.

साशंक: घालते. पण तिन्ही एकत्र ठेवून बघा, भावजी. सगळ्यांचं न येणं पोटात घालायचं म्हटलं की आपण हाउजीकडे ओढले जातो. आठवण राहायला हवी म्हटलं की भेंड्या आणि खिरापतीकडे, म्हणजे कुणीतरी बाहेर राहण्याकडे. आणि कुणावर भार पडू नये म्हटलं की खेळच नको, ताटं उचला आणि बसा. तीन प्रश्न तीन दिशांना खेचतात. तिघांनाही पुरून उरणारा खेळ तुम्ही अजून सांगितलेला नाही, आणि मला तो असेल असं वाटत नाही.

हौशी: मलाही खात्री नाही. म्हणजे दर वर्षी कोण आलंय ते बघून, यंदा तिघांपैकी कुठल्या प्रश्नाला मागे ठेवायचं ते ठरवावं लागेल. आजी-आजोबा आलेत त्या वर्षी एक, शेजारी येणार त्या वर्षी दुसरं, पोरं कॉलेजातून परत येतील त्या वर्षी तिसरं.

साशंक: ठरवूया. पण ज्याचा प्रश्न आपण मागे ठेवू तोही त्याच खोलीत बसलेला असेल, आणि हे त्याला कळल्याशिवाय राहणार नाही. त्याला काय सांगायचं, ते डाव मांडण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे, आणि ते सांगायचं काम या वेळी तुमच्याकडे.